पालव्यावरचा फोटो

(दृश्य: गेटवे ऑफ इंडिया, सकाळ. लाँचवाल्यांच्या हाका.)

जुन्या मुंबईकरांसाठी हा पालवा. जॉर्ज विटेटनं आखलेली ही कमान १९२४ साली खुली झाली. उंची २६ मीटर. जवळ उभं राहिलं, तर फोटोत मावत नाही. कुठून मावते, ते इथल्या फोटोवाल्यांना पाठ आहे.

गळ्यात कॅमेरा, हातात नमुन्याचे फोटो. रिळाच्या काळात एका रिळात ३६ फोटो निघायचे. फोटोवाला पैसे घ्यायचा, पत्ता लिहून घ्यायचा आणि फोटो मागाहून टपालानं गावी जायचा. अनोळखी शहरातल्या अनोळखी माणसाच्या हाती पैसे आणि पत्ता देऊन लोक निर्धास्त गाडीत बसायचे!

मग काढल्या जागीच छापील फोटो देणारा पोलरॉइड कॅमेरा आला. २००८ मध्ये त्या कंपनीनं फिल्म बंद करत असल्याचं जाहीर केलं. आता पिशवीतच छोटा प्रिंटर असतो.

(दृश्य: घरातली भिंत. देवांच्या तसबिरींशेजारी जुना रंगीत फोटो.)

हे फोटो साचेबंद, असं म्हणणारे पुष्कळ. खरंच आहे. तीच कमान, तीच कबुतरं, तळहातावर तोललेला तोच ताज. पण माणसांकडे बघा. नव्या लुगड्याची घडी अजून मोडलेली नाही. काकांनी श्वास रोखून धरलाय. धाकट्याचं लक्ष कॅमेऱ्याकडे नाहीच, तो समुद्र बघतोय. साचा फोटोवाल्याचा, अवघडलेपण मात्र ज्याचं त्याचं. मला तरी त्या प्रवासाचा खरा ऐवज तोच वाटतो.

कृष्णधवल फोटोत चित्र चांदीच्या कणांचं असतं. नीट धुतलेला असेल, तर पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. रंगीत फोटोत मात्र रंगद्रव्यं असतात, आणि ती उजेडानं उडतात. म्हणजे कौतुकानं भिंतीवर लावलेला फोटो आधी फिकटतो. ट्रंकेत पडून राहिलेला, दमटपणातून वाचला तर, त्या मानानं ताजा राहतो. समुद्र कुठला आणि आभाळ कुठलं, हे भिंतीवरच्या फोटोत आता ओळखू येत नाही. घरातल्यांना विचारा, बोट ठेवून दाखवतील.

(दृश्य: पुन्हा गेटवे. दुपारची गर्दी.)

हल्ली गिऱ्हाईक स्वतःचा मोबाइल पुढे करतं, "भाऊ, यावरच काढा ना." कुणी काढून देतो, कुणी तोंड फिरवतो, त्याचंही पोट आहे. तरी कागदावरचा फोटो मागणारे येतातच. बहुतेक वेळा सोबत एखादी आजी असते.

"आजी, जरा उजवीकडे सरका. हां! आता कबुतरं उडवतो, घाबरू नका."