उंचीवरचं पिंप, मुळाशी थेंब

[दृश्य: दुपारचं परसू. कुंडीतली माती कडेपासून सुटलेली.]

उन्हाळ्यात झाडाला पाणी किती घातलं यापेक्षा ते कुठवर गेलं, हे महत्त्वाचं. तापलेल्या मातीवर एकदम बादली ओतली की पाणी कुंडीच्या कडेच्या भेगेतून खाली निघून जातं आणि मधला गड्डा कोरडाच राहतो. तेच पाणी तासाभरात थेंबाथेंबाने दिलं तर माती ते धरून ठेवते. त्यासाठी मोटर लागत नाही, वीज लागत नाही. दोनशे लीटरचं पिंप उंचावर ठेवायचं. ही उंची हाच इथला पंप.

एक मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण 0.1 बार असतो. बाजारातल्या ड्रिपरवर (नळीला टोचायचं, थेंबाथेंबाने पाणी सोडणारं छोटं बोंड) ताशी 4 लीटर असं लिहिलेलं असतं ते 1 बार दाबाला. आपल्या पिंपाचा दाब त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. पाणी दाबाइतकं घटत नाही, त्याच्या वर्गमुळाच्या हिशोबाने घटतं, म्हणून तोच ड्रिपर ताशी सव्वा ते दीड लीटर देतो. यात वाईट काहीच नाही, फक्त वेळेचा हिशोब त्यावर करायचा. दाब-नियंत्रित ड्रिपर मात्र इथे घेऊ नका. त्यांच्या आतल्या रबरी पडद्याला काम करायला याहून बराच जास्त दाब लागतो. साधे, उघडून धुता येणारे ड्रिपर घ्या.

[दृश्य: सिमेंटचे ब्लॉक रचताना, वरून.]

आधी चौथरा. भरलेलं पिंप दोनशे किलोच्या वर जातं, त्यामुळे इथे घाई नको. खालची जमीन ठोकून घट्ट करा, पाणसळ लावून सपाट करा. 40 बाय 20 बाय 20 सेंटीमीटरचे 16 ब्लॉक लागतील. एका थरात चार ब्लॉक भिंगरीच्या पात्यांसारखे ठेवायचे: बाहेरून 60 बाय 60 चा चौकोन होतो, मध्ये 20 चं भोक राहतं. पुढचा थर उलट्या फिरकीचा, म्हणजे सांध्यावर सांधा येत नाही. असे चार थर, 80 सेंटीमीटर. वर त्याच मापाची जाड दगडी फरशी. याहून उंच नुसते ब्लॉक रचू नका, आणि पिंप भिंतीला किंवा खांबाला पट्ट्याने बांधा.

पिंप पूर्ण तोंड उघडणारं हवं, कारण आतून हात घालायचा आहे. रसायनाचं जुनं पिंप कितीही धुतलं तरी नको. रंग गडद असावा. उजेड आत गेला की शेवाळ धरतं आणि तेच पुढे ड्रिपरमध्ये अडकतं.

[दृश्य: भोक पाडताना, अगदी जवळून.]

तळापासून 5 सेंटीमीटर वर भोक, म्हणजे गाळ खाली बसून राहील. अर्ध्या इंची टाकी निपलला (पिंपातून पाणी बाहेर काढणारा आट्यांचा जोड) 21 ते 22 मिलिमीटरचं भोक पुरतं. भोकाच्या कडेचे प्लॅस्टिकचे कंगोरे चाकूने काढून कड गुळगुळीत करा. बहुतेक गळती या कंगोऱ्यांमुळेच होते. निपल आतून बाहेर काढायचा, रबरी वायसर आतल्या बाजूला, नट बाहेरून. हाताने घट्ट, मग पान्ह्याने फक्त पाव फेरा. जास्त आवळलं की वायसर चुरगळून बाहेर सरकतो आणि पाणी झिरपतं. मग माणूस आणखी आवळतो आणि गळती वाढते. त्याऐवजी सोडवून वायसर पुन्हा बसवा.

पुढे बॉल व्हॉल्व्ह, मग 120 मेशचा (इंचात 120 छिद्रं असलेला) जाळीचा फिल्टर, मग 16 मिलिमीटरची काळी नळी. आट्यांवर टेफ्लॉन टेप सहा-सात वेढे, आटे ज्या दिशेने आवळतात त्याच दिशेने. पिंपाच्या तोंडाला झाकणाखाली बारीक जाळी बांधा, नाहीतर आठवड्यात डासांच्या अळ्या दिसतील.

नळी अर्धा तास उन्हात पसरली की सरळ होते. पण ताणून बसवू नका. पॉलिथिलीनची दहा मीटर नळी 30 अंशांच्या फरकाने सहा सेंटीमीटरपर्यंत लांब-आखूड होते. दुपारी ताणून जोडलेली नळी पहाटे आकसते आणि जोडातून निसटते. थोडी नागमोडी टाका, मात्र उभा उंचवटा कुठेच नको. कमी दाबात तिथे हवा अडकते आणि पुढचे ड्रिपर कोरडे राहतात.

ड्रिपर बसवायची भोकं नळीच्या पंचनेच पाडा, काटकोनात. खिळा तापवून पाडलेलं भोक गोल राहत नाही आणि गळतं. दोन ड्रिपरमधलं अंतर मातीवर ठरतं: वाळूसर मातीत पाणी सरळ खाली उतरतं, तिथे 30 सेंटीमीटर, चिकण मातीत आडवं पसरतं, तिथे 45. भाजीच्या रोपाला बुंध्यापासून वितीच्या आत, मोठ्या झाडाला फांद्यांच्या घेराखाली.

40 सेंटीमीटर उंच कुंड्या आणि जमिनीवरचा वाफा एकाच नळीवर घेऊ नका. पिंप रिकामं होत आलं की कुंडीला वाफ्याच्या जेमतेम पाऊण पट पाणी मिळतं. कुंड्यांची नळी वेगळी, व्हॉल्व्ह वेगळा.

[दृश्य: नळीच्या उघड्या टोकातून आधी गढूळ, मग स्वच्छ पाणी.]

टोक बंद करण्यापूर्वी पाणी मोकळं सोडा, म्हणजे आतला कीस निघून जाईल. मग टोपण लावा आणि पहिल्या, मधल्या, शेवटच्या ड्रिपरखाली वाटी ठेवा. 15 मिनिटांचं पाणी मोजा, चारने गुणा. शेवटचा फार मागे असेल तर आधी फिल्टर पाहा, मग उंचवटा.

30 ड्रिपरना तासाला 40 ते 45 लीटर पाणी लागतं. रोज सकाळी तासभर सोडलं तर पिंप चार दिवस पुरतं. मुळाशी 5 ते 7 सेंटीमीटर पालापाचोळा पसरा, बुंध्याला न टेकवता. तास संपल्यावर खुरप्याने वीतभर उकरून पाहा: माती मुठीत धरून राहिली पण हाताला चिखल लागला नाही, तर वेळ बरोबर आहे. वर ओलं आणि खाली कोरडं निघालं, तर उद्या पंधरा मिनिटं जास्त.