जठराच्या पेशी मारतं कोण?

ठाण्यात कुणाच्या पोटात जळजळलं की पहिलं खापर फुटतं मिसळीच्या तर्रीवर, मग लोकलच्या धावपळीवर, मग जागरणांवर. इथे घंटाळीला जमलेल्यांपैकी कितीतरी जणांच्या खिशात आत्ताही पित्ताची गोळी असेल. एके काळी डॉक्टरसुद्धा अल्सरचं कारण तिखट आणि ताणातच शोधत. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियात पर्थला रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी जठरातला हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. लोकांना पटेना, म्हणून मार्शल यांनी १९८४ मध्ये तो स्वतः पिऊन जठराला सूज आणून घेतली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. हे आपल्यापैकी बऱ्याच जणांनी वाचलेलं असेल. मला आज बोलायचंय ते त्यापुढचं.

मी पॅथॉलॉजिस्ट. दुर्बिणीच्या तपासणीत काढलेला जठराच्या अस्तराचा दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा माझ्याकडे येतो. मायक्रोस्कोपखाली बघितलं तर बाकदार जंतू बहुतेक वरच्या चिकट थरातच दिसतात, अस्तराच्या आत क्वचितच. आणि खाली, जिथे निरोगी माणसात तुरळक पांढऱ्या पेशी असायला हव्यात, तिथे त्यांची दाटी झालेली असते. मधेच अस्तराची एखादी पेशी आक्रसलेली, तिच्या केंद्रकाचे काळपट तुकडे झालेले. ही पेशी फुटलेली नाही. तिने स्वतःला संपवलंय. तसा हुकूम तिला मिळालाय.

हुकूम देणाऱ्यांत आपल्याच टी-पेशी आहेत, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. जंतूची चाहूल लागली की त्या इंटरफेरॉन-गॅमा नावाचं रसायन सोडतात. त्यामुळे अस्तराच्या पेशींवर ‘फॅस’ नावाचे ग्राहक, म्हणजे बाहेरचा संदेश पकडणारे रेणू, वाढतात. टी-पेशीच्या अंगावर या फॅसला जुळणारा रेणू असतो. दोघी भिडल्या की अस्तराच्या पेशीत कॅस्पेज ही विकरं (एन्झाइम्स) जागी होतात आणि तिला आतून कापून काढतात. मोर्चातला दगड मारणारा गर्दीत निसटावा आणि लाठी रस्त्याकडेच्या दुकानदाराला बसावी, तसं हे आहे. जंतू युरियापासून अमोनिया करून आम्लातही तग धरून राहतो. मार खातं अस्तर.

हा नुसता तर्क नाही. टी-पेशी नसलेल्या उंदरांना याच जातीच्या जंतूंचा संसर्ग केला, तर जंतू भरपूर वाढतात, पण सूज फारशी येत नाही. त्याच उंदरांना टी-पेशी दिल्या की जठर सुजतं आणि जंतूंची संख्याही घटते. हे मला फार महत्त्वाचं वाटतं: जी फौज जंतूला आवरते, तीच नासधूस करते. अर्थात जंतू निर्दोष नाही. त्याचं व्हॅकए हे विष पेशींना थेट मारतं, शिवाय टी-पेशींची वाढही रोखून धरतं. म्हणून तर ही झटापट वर्षानुवर्षं निकालात निघत नाही.

अस्तर एरवीही काही दिवसांत नवं होतं. पण पेशी अशा मरत राहिल्या की भरपाईसाठी विभाजनाचा वेग वाढतो, आणि जितकी विभाजनं जास्त तितकी चुकांची शक्यता जास्त. दशकं गेली की काहींच्या ग्रंथी झिजतात, जठरात आतड्यासारख्या पेशी उगवतात. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या जंतूला कर्ककारक ठरवलं ते यासाठीच. घाबरून जाऊ नका, बहुसंख्य बाधितांना कर्करोग होत नाही. अनेकांना तर कसला त्रासही जाणवत नाही.

पण नुसत्या पित्ताच्या गोळीवर महिनोन्‌महिने काढणाऱ्यांची मला खरोखर काळजी वाटते. गोळीने आम्ल दबतं, जळजळ थांबते. जंतू आणि टी-पेशी मात्र तिथेच असतात. डॉक्टरांनी जंतूसाठी औषधं दिली, साधारण चौदा दिवसांची, तर मधेच बरं वाटलं म्हणून सोडू नका. अर्धवट उपचाराने जंतू औषधाला दाद देईनासा होतो. अँटिबायोटिक संपल्यावर किमान चार आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची तपासणी करून घ्या. त्याआधी दोन आठवडे पॅन्टोप्राझोलसारखी गोळी डॉक्टरांना विचारून बंद ठेवावी लागते, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. रक्तातल्या अँटिबॉडीची तपासणी इथे कामाची नाही, कारण जंतू गेल्यावरही त्या कित्येक महिने रक्तात राहतात.