लाल माती पुन्हा भिजली

(दृश्य: पहाटेचा अंधार. तालमीचं बुटकं दार. आतून फावड्याचा आवाज.)

एप्रिल २०२२. कोल्हापुरातल्या एका जुन्या पेठेतली ही तालीम. पहाटेचे साडेचार वाजलेत आणि दोघं पठ्ठे कुस्तीच्या हौद्यातली माती खणताहेत.

आखाड्याची माती रोज खणावी लागते. चार दिवस पाय पडले नाहीत तर ती बसते, घट्ट होते. इथं तर महिनोन्महिने कुणी उतरलंच नव्हतं. मार्च २०२० मध्ये कोरोनाची टाळेबंदी लागली, बाहेरगावची पोरं वळकटी बांधून गावी गेली आणि मारुतीपुढं दिवा लावायला फक्त वस्ताद यायचे.

त्या वर्षीच्या दसऱ्याला सरकारनं व्यायामशाळा उघडायला परवानगी दिली. जोर-बैठका मारता येऊ लागल्या. पण कुस्ती? तिच्यात अंगाला अंग भिडतं, मानेवर हात पडतो, श्वासात श्वास मिसळतो. सहा फुटांचं अंतर ठेवून कुस्ती कशी धरायची? तोवर दुसरी लाट आली, आणि दार पुन्हा लागलं.

(दृश्य: खुंटीवर टांगलेले लंगोट. कोपऱ्यात करेल-जोडी, व्यायामाची जड लाकडी मुद्गलं.)

पैलवानाचं पोट जत्रेवर चालतं. चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रांत मैदानं भरतात आणि तिथल्या इनामावर वर्षाचा खुराक निघतो. दूध, तूप, बदाम, थंडाई. सलग दोन हंगाम यात्राच भरल्या नाहीत. ऊसतोड करणाऱ्या, दोन एकरांवर राबणाऱ्या घरानं पोराच्या बदामाचा खर्च कुठून करायचा? कुणी ट्रॅक्टरवर गेला, कुणी एमआयडीसीत लागला. त्यातले काही परत आले नाहीत. त्यांच्या ट्रंका अजून माडीवर आहेत. वस्तादांनी त्या कुणाला हलवू दिलेल्या नाहीत.

कोल्हापुरात तालीम हे पेठेचं घर असतं. गणपती बसतो तो इथं, भांडणं मिटतात ती इथं, फुटबॉलचा संघसुद्धा तालमीच्याच नावानं उतरतो. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार ही शाहू स्टेडियम दणाणून सोडणारी नावं तालमींचीच. त्यामुळं तालमीला कुलूप लागलं तेव्हा पैलवानांबरोबर पेठेतली म्हातारी माणसंही पोरकी झाली. रोज संध्याकाळी कट्ट्यावर बसून पोरांचे डाव बघणारी ही माणसं. त्या कट्ट्यावरच्या दोन जागा आता रिकाम्याच राहणार आहेत.

(दृश्य: मातीत ताक ओतणारे हात. हळदीची मूठ.)

गुढीपाडव्याच्या तोंडावर राज्यातले निर्बंध उठले आणि वस्तादांनी आधी माती हातात घेतली. ढेकळं फोडली, चाळली, नवी लाल माती घातली. मग ताक, तेल, लिंबाचा रस, हळद, कापूर. पायानं तुडवून तुडवून ती लोण्यासारखी होईपर्यंत कुणालाही लंगोट कसू दिला नाही.

त्याच आठवड्यात साताऱ्यात महाराष्ट्र केसरीचं मैदान भरलं. आधीचं जानेवारी २०२० मध्ये, पुण्यात झालेलं. कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटीलनं गदा जिंकली. तब्बल २१ वर्षांनी ती कोल्हापुरात आली. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ मध्ये ज्या शहरात खासबाग मैदान उभं केलं, त्या शहराला ही २१ वर्षं फार लागली होती. त्या रात्री या तालमीत गुलाल उधळला गेला.

(दृश्य: हौद्याच्या कडेला एक सोळा वर्षांचा पोरगा.)

हा कागल तालुक्यातला. गेला तेव्हा चौदाचा होता. आता मिसरूड फुटलंय, खांदे मात्र उतरलेत. येऊन तो वस्तादांच्या पाया पडला. वस्तादांनी त्याचा दंड दाबून पाहिला.

"लई वाळलास रं."

"व्हय, वस्ताद."

"हुईल परत. उतर आत."

तो मातीला हात लावून कपाळी लावतो आणि उतरतो. समोर त्याच्याच वजनाचा जोडीदार. दोघं वाकतात, मूठभर माती उचलतात. ओली, गार, हळदीच्या वासाची. आणि एकमेकांच्या खांद्यावर, मानेवर, छातीवर ती चोळतात.

कट्ट्यावरून कुणीतरी ओरडतं, "धर की!"

शड्डू घुमतो.