पीके मोहन बागानकडून खेळलेच नाहीत हो!

नमस्कार मंडळी! "पीकेंवर बोला, पीकेंवर बोला" असा धोशा लावलात ना, तर घ्या, आज फुटबॉलवाले पीके, म्हणजे प्रदीपकुमार बॅनर्जी.

पटापट सांगतो. जन्म १९३६, जलपैगुडी. वाढले जमशेदपूरला, पंधराव्या वर्षी बिहारकडून संतोष ट्रॉफी, म्हणजे राज्याराज्यांची राष्ट्रीय स्पर्धा. १९५६ मेलबर्न, १९६० रोम, दोन्ही ऑलिम्पिक. रोमला कॅप्टन, फ्रान्सशी १-१, आपला गोल त्यांचाच. १९६२, जकार्ता, एशियन गेम्सची फायनल, दक्षिण कोरियाला २-१ हरवलं. पहिला गोल कोणाचा? पीकेंचा. हे तुम्हाला पाठ आहे, पुढे चला.

(मधेच एक. "नेव्हिल डिसूझांना विसरलास" म्हणणाऱ्यांनो, मेलबर्नला ऑस्ट्रेलियावर हॅटट्रिक करणारे टाटांचे नेव्हिल मी कसे विसरेन? वेगळा व्हिडिओ करतोय, दम धरा.)

आता माझं डोकं कुठे फिरतं ते ऐका. कमेंटमध्ये कोणी पीकेंना ईस्ट बंगालचे खेळाडू करतो, कोणी मोहन बागानचे, म्हणजे कलकत्त्याच्या दोन कट्टर वैरी क्लबांचे. "ईस्ट बंगालचे स्टार विंगर पीके." विंगर होते, स्टार होते, ईस्ट बंगालचे नव्हते! मोहन बागानचेही नव्हते. आधी आर्यन क्लब, मग १९५५पासून बूट टांगेपर्यंत ईस्टर्न रेल्वे. एका काकांनी लिहिलंय, "मी स्वतः त्यांना कूपरेजवर बागानसोबत पाहिलंय." काका, पाहिलंच असणार, बागान मुंबईला रोव्हर्स कपला यायचा की. पण पीके मैदानात नाही, कोच म्हणून बाकावर होते!

नोकरीवाल्यांची टीम म्हणून नाक मुरडू नका. स्वातंत्र्यानंतर कलकत्ता लीग म्हणजे बागान, ईस्ट बंगाल, मोहमेडन या तीन बड्या क्लबांची घरची मिरास. त्यांच्या तोंडचा घास १९५८ला ईस्टर्न रेल्वेने पळवला. त्यानंतर या तिघांबाहेरचा विजेता थेट २०१९ला, पीयरलेस. एकसष्ट वर्षं! आमचे मामा भुसावळच्या रेल्वे कॉलनीतले. बागान-ईस्ट बंगाल भांडणाशी त्यांना घेणंदेणं नाही, पीके म्हणजे "आपला रेल्वेवाला". मामा बरोबर आहेत, कमेंटवाले चूक.

मी हेच का उगाळतोय? कारण कोच पीके इथूनच कळतात. १९७५, आयएफए शील्डची फायनल, पीकेंच्या ईस्ट बंगालने बागानला ५-० धुतलं. पाच! आणि पुढच्या वर्षी कोच म्हणून पीकेंना घेतलं कोणी? बागानने. ज्यांनी नाक कापलं त्यांनाच बोलावलं! दोन्हींपैकी एकाचीही जर्सी अंगावर चढवलेली असती तर हे जमलं असतं का? मला नाही वाटत. १९७७ला त्याच बागानने ईडन गार्डन्सवर पेलेच्या न्यूयॉर्क कॉसमॉस क्लबला २-२ रोखलं, आणि त्याच वर्षी शील्ड, रोव्हर्स, ड्युरँड हे तिन्ही कप उचलले.

"पण ते व्होकल टॉनिक म्हणजे नुसती बडबड, डावपेच शून्य." पीकेंच्या खेळाडूंना जोश चढवणाऱ्या भाषणांवर ही कमेंट दर वेळी येते. बरं, १९९७ घ्या. फेडरेशन कपची सेमीफायनल, कलकत्त्याचं सॉल्ट लेक स्टेडियम, लाखाच्या वर माणूस. बागानचे कोच अमल दत्ता, त्यांच्या डायमंड सिस्टिमचा, म्हणजे खेळाडू मांडण्याच्या त्यांच्या पद्धतीचा, गावभर गाजावाजा, वर मॅचआधी ईस्ट बंगालच्या स्ट्रायकर बायचुंग भुतियाची जाहीर टिंगल. समोर ईस्ट बंगाल, कोच एकसष्टीचे पीके.

४-१, ईस्ट बंगाल. भुतियाची हॅटट्रिक.

डायमंडवाल्यांनो, करा कमेंट. वाचतोय मी.