स्टिअरिंग सोडून दोन दांडे हातात घेताना

नमस्कार श्रोतेहो. एप्रिल लागला, बर्फ वितळून गवतानं डोकं वर काढलं, की इथल्या, अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या शनिवारच्या फोनवर एक प्रश्न हमखास येतो. "अहो, ट्रॅक्टर काढून झीरो-टर्न घ्यावा म्हणतोय, काय वाटतं?" दोन्ही बसून चालवायची, गवत कापायची यंत्रं, म्हणजे मोअर. विचारणाऱ्याचं घर शहरापासून थोडं लांब असतं, जागा एकर-सव्वा एकर असते, आणि शेजाऱ्यानं नुकताच नवा मोअर आणलेला असतो. हे शेवटचं कारण कुणी कबूल करत नाही.

एक एकर म्हणजे ४० गुंठे. गावाकडे तेवढ्या तुकड्यावरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या होतात. इथे आपण त्यात गवत वाढवतो, कापतो आणि कापलेलं तिथेच पडू देतो. असो. सबडिव्हिजनचे, म्हणजे वसाहतीचे, नियम आहेत, शेजाऱ्यांचे डोळे आहेत, कापावं तर लागतंच.

माझं मत आधीच सांगून टाकतो. जमीन बरीचशी सपाट असेल आणि मध्ये झाडं, वाफे, झोपाळे, ट्रॅम्पोलिन असा पसारा असेल, तर झीरो-टर्न जरूर घ्या. पण घराच्या मागे चांगला उतार असेल आणि त्याच्या तळाशी तळं किंवा ओढा असेल, तर आहे तो ट्रॅक्टर बरा. का, ते कळायला ही दोन यंत्रं चालतात कशी, ते बघावं लागेल.

लॉन ट्रॅक्टरचं सगळं आपल्या गाडीसारखं. स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळतात, ब्रेकचा पेडल पायाखाली असतो. झीरो-टर्नला साधारणपणे स्टिअरिंग नसतं. मांडीच्या दोन्ही बाजूंनी येणारे दोन दांडे असतात, उजवा उजव्या मागच्या चाकाचा, डावा डाव्याचा. प्रत्येक चाकाला स्वतःचा हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा, पंप आणि मोटर. दांडा पुढे ढकलला की ते चाक पुढे, मागे ओढला की मागे. बैलगाडी वळवताना आतल्या बैलाचा कासरा खेचतात आणि बाहेरच्याला चालू देतात, तसाच हा प्रकार. एक चाक पुढे आणि दुसरं मागे फिरवलं, की यंत्र जागच्या जागी गर्रकन फिरतं. पुढची दोन चाकं नुसती सामानाच्या ट्रॉलीसारखी मोकळी, नेतील तिकडे जाणारी.

ही कल्पना काही आजची नाही. कॅन्ससमधलं हेस्टन नावाचं छोटं गाव आहे, तिथली हसलर कंपनी आपलं यंत्र १९६४ सालचं सांगते. मिसूरीतली स्विशर कंपनी म्हणते, आमचं त्याच्याही आधीचं. तो वाद त्यांचा त्यांनी मिटवावा. बरीच वर्षं ही यंत्रं मुख्यतः गवत कापण्याचा धंदा करणाऱ्यांकडेच दिसायची. आता ती होम डेपो आणि लोज या मोठ्या दुकानांच्या दारात रांगेनं उभी असतात, म्हणून आपल्या डोळ्यांत भरतात.

वेळ किती वाचतो? डेक म्हणजे पाती झाकणारं खालचं कवच. ४२ इंची डेकचा ट्रॅक्टर ताशी ४ मैलांनी चालवला, तर कागदावर तासाला पावणेदोन एकरांच्या जवळ जातो. ५४ इंची झीरो-टर्न ताशी ६ मैलांनी चालवला, तर सव्वातीन एकर. प्रत्यक्षात पट्ट्यावर पट्टा थोडा चढवावा लागतो, वळावं लागतं, मुलांचे बॉल उचलावे लागतात, त्यामुळे दोन्ही आकडे बरेच खाली येतात. खरी बचत होते ती झाडांभोवती. ट्रॅक्टरनं मेपलच्या बुंध्याभोवती फिरलात, की एक गोल राहून जातो. मग रिव्हर्स, पुन्हा पुढे, आणि शेवटी ट्रिमर घेऊन पायी. झीरो-टर्न त्या बुंध्याला लगटून एका फेरीत बाहेर पडतो. अशी पंधरा-वीस झाडं असतील तर फरक हातात येतो. मोकळं मैदान असेल, तर नुसत्या वळण्याच्या सोयीसाठी एवढे पैसे घालण्यात मला अर्थ दिसत नाही.

आता उताराकडे येऊ. इथे जरा लक्ष देऊन ऐका. झीरो-टर्नमध्ये वळवणारी चाकं मागची, आणि थांबवणारीही मागचीच. पुष्कळ मॉडेलना पायाखाली ब्रेक नसतोच, दांडे मधे आणले की यंत्र थांबतं. उतारावरून खाली येताना वजन पुढे सरकतं, मागची चाकं हलकी होतात. गवत ओलं असेल तर ती घसरतात. आणि ती घसरली, की ब्रेकही गेला आणि स्टिअरिंगही गेलं, दोन्ही एकाच क्षणी. पुढची चाकं मोकळी असल्यामुळे यंत्र उताराच्या मनाप्रमाणे जातं. खाली तळं असेल तर तळ्यात. उलटलेल्या मोअरखाली माणसं पाण्यात अडकून गेली आहेत, हे घाबरवायला सांगत नाही.

बहुतेक कंपन्या १५ अंशांच्या पुढे जाऊ नका म्हणतात. १५ अंश म्हणजे किती? दहा फूट पुढे गेलात आणि जमीन पावणेतीन फुटांच्या आसपास चढली, तर तेवढा. फोनमधल्या लेव्हलनं मोजता येतो. एक सरळ फळी उतारावर टाका, तिच्यावर फोन ठेवा. नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका, उतार वरून बघताना कमीच वाटतो. उतारावर उभं कापायचं की आडवं, हे ज्या त्या यंत्राच्या मॅन्युअलमध्ये असतं, ते वाचाच. पाण्याच्या किंवा भिंतीच्या कडेपासून यंत्राच्या दुप्पट रुंदीएवढं अंतर सोडा आणि तो पट्टा हातानं ढकलायच्या मोअरनं कापा. यंत्र उलटलं तर वाचवणारी लोखंडी कमान सीटमागे असेल तर ती उभी ठेवा आणि सीटचा पट्टा बांधा. कमान पाडलेली असेल तेव्हा मात्र पट्टा बांधायचा नाही, यंत्र उलटलं तर अंग मोकळं हवं. मधला मार्ग म्हणून स्टिअरिंग असलेले आणि पुढची चाकंही वळवणारे झीरो-टर्न मिळतात, कब कॅडेट कंपनीचे आहेत. उतारावर ते जास्त ताब्यात राहतात, किमतीला चढे असतात.

शिकायचं कसं? पहिल्या दिवशी पाती बंद ठेवा. मोकळ्या जागेत जा. दांडे बाहेर उघडलेले असताना इंजिन सुरू होतं, पार्किंग ब्रेक लावलेला लागतो. मग ब्रेक सोडा, दांडे आत घ्या आणि दोन्ही एकदम, अगदी बोटभर पुढे सरकवा. नवखा माणूस इथे दचकतो. यंत्र हिसका देतं, अंग मागे जातं, त्याबरोबर हात मागे येतात, दांडे ओढले जातात, यंत्र थांबतं, अंग पुढे जातं, दांडे पुन्हा पुढे. ड्राइव्हवेवर उड्या मारणारा झीरो-टर्न दिसला, तर समजा नवा आहे. उपाय सोपा आहे. अंगठे किंवा मनगटं मांडीवर टेकवून ठेवा, म्हणजे हात अंगाबरोबर हलत नाहीत. सरळ रेषेत जायला लांबच्या एखाद्या खांबावर नजर ठेवा, पायाजवळ बघितलंत की नागमोडी गेलात. आणि कुंपणाजवळ सांभाळा, कारण हे यंत्र मागच्या चाकांवर फिरतं, म्हणजे त्याचं तोंड बाजूला झपकन जातं.

वळताना एक चाक पूर्ण थांबवून त्यावर फिरलात, तर ते चाक गवत मुळासकट खरवडतं. पट्ट्याच्या टोकाला तपकिरी अर्धचंद्र दिसतात ते यामुळेच. दोन्ही चाकं फिरती ठेवा, किंवा थोडं पुढे, थोडं मागे असं तीन टप्प्यांत वळा. मे महिन्यात फेस्क्यू जातीचं गवत मऊ आणि पाणीदार असतं, तेव्हा तर फारच जपा.

मुलांबद्दल मी कुणाचं ऐकून घेत नाही. पात्याच्या टोकाच्या वेगाची इथली कमाल मर्यादा मिनिटाला १९,००० फूट आहे, म्हणजे ताशी २०० मैलांहून जास्त. त्या वेगानं उडालेला खडा काय करेल, विचार करा. नातवाला मांडीवर बसवून फेरी मारायची नाही, भारतातून आलेल्या आजोबांनी कितीही हौसेनं म्हटलं तरी नाही. बालरोगतज्ज्ञांची अमेरिकेतली संघटना बसून चालवायच्या मोअरसाठी किमान १६ वर्षं वय सांगते. आणि सीटवरून उठल्यावर इंजिन बंद करणारा स्विच कटकटीचा वाटतो म्हणून वायर जोडून निकामी करू नका.

घेण्याआधी टेप घेऊन मागच्या अंगणाचं फाटक मोजा. ४८ इंची फाटकातून ५४ इंची डेक जात नाही. शेडचं दारही मोजा. डेक पत्र्यातून दाबून काढलेला आहे की जाड पत्रा वेल्ड करून केलेला, ते विचारा. गेजचा आकडा जितका लहान, तितका पत्रा जाड. मागची चाकं फिरवणाऱ्या ट्रान्समिशनचं तेल बदलता येतं की ते सीलबंद आहे, हेही विचारा. दहा वर्षं वापरायचा असेल तर हा प्रश्न इंजिनाच्या हॉर्सपॉवरपेक्षा मोलाचा आहे. आणि कंबर दुखत असेल, तर खडबडीत जागेवर चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. साध्या झीरो-टर्नला सस्पेन्शन नसतं, प्रत्येक खड्डा थेट मणक्याला कळतो. दुकानाच्या गुळगुळीत पार्किंगमध्ये हे लक्षात येत नाही. काही डीलर यंत्र घरी आणून दाखवतात, विचारायला काय जातं?

राहिला जुना ट्रॅक्टर. ओहायो, मिशिगन, न्यूयॉर्कच्या वरच्या भागातल्या श्रोत्यांनी तो विकायची घाई करू नये. बर्फ ढकलायचं पातं त्याला जोडता येतं, पालापाचोळ्याची गाडी तो ओढतो, मल्च वाहतो. झीरो-टर्न यातलं बरंचसं नीट करत नाही, बर्फात तर जागेवरच चाकं फिरवत बसतो. जॉर्जिया, टेक्ससवाल्यांना ही अडचण नाही, त्यांनी विकावा. पण ऑक्टोबरात नको, तेव्हा गिऱ्हाईक पाडून मागतं. टाकीतलं पेट्रोल काढून, डेकच्या पोटातलं वाळलेलं गवत खरवडून, बॅटरी घरात चार्जिंगला लावून ठेवा आणि मार्चअखेर जाहिरात द्या. नमस्कार.