शेणोलीचे रूळ

[दृश्य: पहाटेचा रेल्वेमार्ग, रुळांलगतची खडी]

पुणे-मिरज मार्गावरील हे शेणोली, सातारा जिल्ह्यातील कराड तालुक्यातले गाव. आज दिसतात ते ब्रॉडगेजचे रूळ आहेत. 7 जून 1943 रोजी याच मार्गावरील मीटरगेजवरून इंग्रज सरकारच्या नोकरांचा पगार घेऊन निघालेली गाडी तुफान सेनेच्या तरुणांनी शेणोलीजवळ अडवली.

[दृश्य: कुंडलमधील जुने वाडे]

या तरुणांपैकी अनेकजण कुंडलचे होते. ऑगस्ट 1942 मध्ये बडे पुढारी तुरुंगात गेल्यावर साताऱ्याचे कार्यकर्ते भूमिगत झाले आणि पुढच्या वर्षी क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. गावातले तंटे सोडवण्यासाठी त्याची स्वतःची न्यायव्यवस्था होती, आणि लढण्यासाठी तुफान सेना. कुंडल तेव्हा औंध संस्थानात होते. चहूबाजूंनी इंग्रजी मुलूख आणि मध्ये संस्थानी हद्द, ही रचना भूमिगतांच्या पथ्यावर पडली. अशा हालचालींना धाडसाइतकीच भूगोलाची जाण लागते, आणि ती या शेतकऱ्यांच्या पोरांकडे उपजत होती.

[दृश्य: दोन माणसे मिळून धोंडा उचलतात]

जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन रामभाऊ लाड यांच्या नेतृत्वाखालील या तुकडीकडे बंदुका नव्हत्या. कोयते, काठ्या आणि मोजकेच गावठी बाँब एवढ्यावर त्यांना गाडी थांबवायची होती, तीही गार्डजवळ बंदूक असताना. त्यांनी मार्गावर धोंड्यांची रास रचली. इंजिन थांबताच शेवटच्या डब्यामागेही तशीच रास रचण्यात आली, म्हणजे गाडीला मागे हटायलाही वाट उरली नाही. एक धोंडा उचलायला दोन माणसे लागतात, हे समोर दिसतेच आहे. तेव्हा किती हात एकाच वेळी, एका इशाऱ्यावर हलले असतील याची कल्पना करावी. कवायतीची शिस्त म्हणतात ती हीच.

सरकारदरबारी याची नोंद लूट म्हणून झाली. आपल्याच लोकांकडून वसूल केलेला पैसा आपल्याच लोकांकडे परत आणला, अशी तुफान सेनेची भूमिका होती, आणि ती रास्त होती. तो पैसा चळवळीला आणि गरजूंना मिळाला. पुढे गावोगाव झडत्या झाल्या, धरपकड झाली. फितुरांना प्रतिसरकारने कठोर शिक्षा दिल्या.

[दृश्य: रुळांजवळचे छोटे स्मारक, मागून गाडी जाते]

शेणोलीनंतर दहा महिन्यांनी बापू लाड आपल्या साथीदारांसह खानदेशात पोहोचले. नागनाथअण्णा नायकवडी त्यांच्यासोबत होते. तेथील भूमिगत कार्यकर्त्यांच्या साथीने त्यांनी 14 एप्रिल 1944 रोजी धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला सुमारे साडेपाच लाखांचा सरकारी खजिना चिमठाण्याजवळ गाठला.