'क्राइज अँड व्हिस्पर्स': तुमच्या टीव्हीचा आवाज गेलेला नाही

[कॅमेऱ्याकडे बघून]

'क्राइज अँड व्हिस्पर्स' या सिनेमाच्या उत्तरार्धात एक प्रसंग येतो. थोरली बहीण कारिन आणि धाकटी मारिया एकमेकींच्या गालांवरून हात फिरवतायत, भडाभडा बोलतायत, आणि आपल्याला त्यातलं अवाक्षरही ऐकू येत नाही. नुसता चेलो, म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातलं मोठं, खर्जातलं वाद्य, वाजतोय. सबटायटलही गायब. इथे बरेच जण रिमोट शोधतात, फाइल खराब आहे म्हणतात. तसं काही नाही. बोलणं दिग्दर्शक इंगमार बर्गमननी मुद्दाम काढून टाकलंय. का, त्यासाठीच हा व्हिडिओ.

[पडद्यावर: 1972, स्वीडिश, 91 मिनिटं]

कथा दोन वाक्यांत. एकोणिसावं शतक संपत आलंय, मधली बहीण आग्नेस कर्करोगानं शेवटच्या घटका मोजतेय. दोघी बहिणी उशाशी आहेत खऱ्या, पण तिला छातीशी धरते ती घरची मोलकरीण आना.

आता तो लाल रंग. भिंती लाल, पडदे लाल, गालिचे लाल. चित्रीकरण 1971 च्या शरद ऋतूत, मारिएफ्रेड गावाजवळच्या ताक्सिंगे-नेस्बी या जुन्या वाड्यात झालं. आत्म्याचा आतला भाग आपल्याला लहानपणापासून ओलसर लाल पडद्यासारखा दिसत आलाय, असं बर्गमन सांगायचे. पडदा काळा करत प्रसंग संपवायची नेहमीची रीत इथे नाही, पडदा लाल होतो. मग एका बाईचा चेहरा, अर्धा उजेडात, अर्धा अंधारात. कुजबुज. आणि तिची आठवण सुरू. ही खूण एकदा कळली की आपण कुणाच्या डोक्यात शिरलोय, याचा गोंधळ होत नाही. कॅमेरा स्वेन नीक्विस्ट यांचा. 1974 मध्ये त्यांना यासाठी ऑस्कर मिळालं.

[हातात रिमोट]

पण हाच लाल घरच्या टीव्हीवर सगळ्यात आधी मार खातो. पिक्चर मोड 'व्हिव्हिड' असेल तर भिंतींचे वेगवेगळे लाल एकाच भडक थरात मिसळतात. 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' मोड लावा, हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग बंद करा. नेट मंद असेल तर बघूच नका. ऑनलाइन व्हिडिओत रंगाची माहिती उजेडाच्या माहितीच्या साधारण एक चतुर्थांश ठेवलेली असते, आणि गडद लालात उजेड मुळातच कमी. त्यामुळे भिंतींवर चौकोन उमटतात, कडा फिसकटतात. ब्लू-रे मिळाली तर उत्तम. आणि हेडफोन हवेतच, कारण घड्याळांची टिकटिक आणि आग्नेसचा अडकणारा श्वास लॅपटॉपच्या स्पीकरमधून पोचत नाही.

[परत त्या प्रसंगाकडे]

आता त्या चेलोपाशी येऊ. त्याआधी नीट बघा: मारिया जवळ येते, तर कारिन अंगावर झुरळ पडल्यासारखी दचकते. हात लावू नकोस म्हणते, किंचाळते. इंग्रिड थुलिन यांचा चेहरा इथे दगडाचा आहे, आणि मग तो फुटतो. तेवढ्यात संगीतकार बाखच्या पाचव्या चेलो सुइटमधला, म्हणजे चेलोसाठीच्या रचनांच्या मालिकेतला, साराबांद हा संथ तुकडा सुरू होतो. या तुकड्यात एकही कॉर्ड नाही, म्हणजे अनेक स्वर एकदम वाजत नाहीत, एकावेळी एकच स्वर, एकटाच चालत जाणारा. दोघी मनातलं बोलतायत आणि साथीला हा एकटा आवाज! मला तर यातच धोक्याची घंटा ऐकू येते.

कारण पुढे, अंत्यविधी उरकल्यावर, निघायच्या वेळी कारिन त्या जवळिकीची आठवण काढते. मारियाचं लक्ष बाहेर थांबलेल्या नवऱ्याकडे. असला सगळा वेडेपणा कोण लक्षात ठेवतं, अशा सुरात ती विषय झटकते. लिव उलमन हे हसतमुखानं करतात, म्हणून जास्त लागतं. शब्द आपण ऐकले असते तर मारियाला पकडता आलं असतं, की बाई, तू अमुक म्हणाली होतीस. आता आपल्याकडेही पुरावा नाही. कारिनइतकेच आपणही हात चोळत बसतो.

आनाच्या हातावर थोडे पैसे टेकवले जातात. आठवण म्हणून काही हवं का विचारतात, ती नाही म्हणते. आग्नेसची डायरी मात्र तिनं आधीच जपून ठेवलीय.

शेवटी ती डायरी उघडते. बाग, पांढरे कपडे, तिघी बहिणी झोपाळ्यावर, आग्नेस सुखात. सगळ्यांची नजर त्या तिघींवर जाते. तुम्ही झोका कोण देतंय ते बघा.